धर्माच्या गाईचे दात: संशोधनासाठीची मोफत साधनं, एक परखड आढावा

धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, असं आपल्याकडे म्हणतात. घरच्या गोठ्यापुरतं ते ठीक आहे. संशोधनात मात्र गाय दारात आली की आधी तोंड उघडून दात बघायचे, मग दावणीला बांधायची. आजचा लेख त्यासाठीच आहे.

पेट झाली, मार्गदर्शक मिळाले, आता आरआरसीसमोर सिनॉप्सिस ठेवायचा आहे, अशा टप्प्यावरचे बरेच जण हे वाचतात. अमरावती असो की अकोला, सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: "डेटा ॲनालिसिससाठी कोणतं सॉफ्टवेअर फ्री आहे?" प्रश्न रास्त आहे. फेलोशिप प्रत्येकाला मिळत नाही, आणि परवान्याचं सॉफ्टवेअर घ्यायचं म्हटलं तर घरभाडं थांबवावं लागेल. मग दोन वाटा उरतात. एक म्हणजे पेनड्राइव्हवरून फिरणारी क्रॅक केलेली कॉपी. दुसरी म्हणजे टायपिंग-बाइंडिंगच्या दुकानात आकड्यांची एक्सेल फाइल द्यायची आणि चार दिवसांनी टेबलं घेऊन यायचं. पहिलीत व्हायरस आणि चोरी, दोन्ही येतात. दुसरीत तर तुमचा निष्कर्षच तुमचा राहत नाही. व्हायवात "हीच टेस्ट का लावली?" असं विचारलं की दुकानदार उत्तर द्यायला येत नाही.

म्हणून मोफत साधनांची मला मनापासून कदर आहे. पण त्यांच्याबद्दल जे लिहिलं जातं ते बहुतेक "टॉप टेन" याद्यांच्या स्वरूपात असतं, आणि याद्या कौतुकाच्या पुढे जात नाहीत. इथे मी थोडी टीका करणार आहे.

आधी दात कोणते ते ठरवू

इंग्रजीत "फ्री" या एकाच शब्दाने मोठा घोळ केलाय. आपल्याकडे त्यासाठी दोन वेगळे शब्द आहेत: फुकट आणि मुक्त. फुकट म्हणजे पैसे लागत नाहीत. मुक्त म्हणजे आत काय चाललंय ते बघता येतं, बदलता येतं, दुसऱ्याला देता येतं. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर केला तो या दुसऱ्या अर्थासाठी. जे फुकट आहे ते मुक्त असेलच असं नाही.

कुठलंही साधन हाती आलं की मी त्याला चार प्रश्न विचारते.

१. उत्तर कसं आलं ते मला दिसतं का?
२. माझा डेटा मला हवा तेव्हा, दुसऱ्या साधनाला वाचता येईल अशा रूपात बाहेर काढता येतो का?
३. उद्या हे बंद पडलं तर माझ्या हातात काय उरेल?
४. मी पैसे देत नाही, मग खर्च कोण भरतं?

शेवटच्या प्रश्नाला लोक हसतात, पण सगळ्यात महाग तोच पडतो. गुगल फोटोजमधली अमर्याद मोफत जागा १ जून २०२१ पासून संपली. शिक्षणसंस्थांना दिलेली अमर्याद जागाही गुगलने त्याच वर्षी १०० टीबीची मर्यादा जाहीर करून आवरली. यात फसवणूक नाही, कंपनीने हिशेब केला इतकंच. पण तीन वर्षांचे फील्ड फोटो कॉलेजच्या खात्यावर ठेवून बसलेल्या विद्यार्थ्याने तो हिशेब केलेला नसतो. कॉलेज सुटलं की खातंही सुटतं, हे त्याच्या ध्यानात उशिरा येतं.

सांख्यिकी: एका क्लिकचं सुख आणि दुःख

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात किंवा आपल्या भागातल्या कुठल्याही कृषी महाविद्यालयात "आरबीडीचं ॲनालिसिस कशात केलं?" असं विचारा. एक नाव हमखास येईल: ओपीस्टॅट. हिसारच्या चौधरी चरणसिंह हरियाणा कृषी विद्यापीठातले ओ. पी. श्योराण यांनी तयार केलेली ही सेवा आहे. पान उघडा, डिझाइन निवडा, ट्रीटमेंट किती, रेप्लिकेशन किती ते भरा, एक्सेलमधले आकडे चिकटवा, बटण दाबा. ॲनोवा टेबल, सीडी, एसई(एम), एसई(डी), सीव्ही सगळं समोर. याच जातीची दुसरी सेवा म्हणजे वास्प. ती भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या गोव्यातल्या संस्थेची, म्हणजे आपल्या शेजारचीच. तिसरी केरळ कृषी विद्यापीठाच्या वेल्लायणी इथल्या महाविद्यालयातून आलेली ग्रेप्स.

तिन्ही मोफत आहेत आणि तिन्ही सार्वजनिक पैशावर उभ्या आहेत. चौथ्या प्रश्नाचं उत्तर इथे स्वच्छ आहे: खर्च आपणच, करातून भरतो. ज्या काळात विद्यार्थ्याला पर्याय नव्हता त्या काळात एका विद्यापीठाने देशभरच्या पोरांसाठी ही सोय उघडी ठेवली, ही लहान गोष्ट नाही. हे आधी मान्य करते, मग टीका.

अडचण पहिल्या प्रश्नात आहे. चिकटवा-आणि-दाबा प्रकारच्या साधनात तुम्ही केलेल्या कामाची नोंद राहत नाही. हाती लागतं ते फक्त उत्तर. एक उदाहरण घेऊ, वही काढा.

समजा सोयाबीनवर ७ ट्रीटमेंट आणि ३ रेप्लिकेशनची आरबीडी आहे. प्लॉट २१. ट्रीटमेंटची डिग्री ऑफ फ्रीडम ६, रेप्लिकेशनची २, एररची ६ गुणिले २ म्हणजे १२. समजा एररचा मीन स्क्वेअर १.५ आला. एसई(डी) म्हणजे २ गुणिले १.५, भागिले ३, याचं वर्गमूळ. ते येतं १. बारा डिग्रीला ५ टक्के पातळीवर टीची किंमत २.१७९. म्हणजे सीडी २.१८. हे गणित कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांचं आहे.

आता समजा चिकटवताना ओळी आणि रकाने यांची अदलाबदल झाली. साधनाला वाटलं की ट्रीटमेंट ३ आणि रेप्लिकेशन ७. आकडे २१ हवे होते, २१ मिळाले, म्हणून ते तक्रार करत नाही. गंमत बघा: एररची डिग्री २ गुणिले ६, म्हणजे पुन्हा १२. एररचा मीन स्क्वेअरही तोच, १.५. वरवर बघणाऱ्याला सगळं ठीक दिसतं. पण आता भागाकार ७ ने होतो, एसई(डी) ०.६५ वर येतो आणि सीडी १.४३ वर. सीडी लहान झाली, म्हणजे पाहणाऱ्याला प्रयोग आणखी चांगला वाटतो! चूक पकडायची जागा एकच, ट्रीटमेंटची डिग्री: ६ हवी होती, २ आहे. त्या ओळीकडे ज्याची नजर जात नाही, त्याच्या प्रबंधात ती चूक छापून जाते, पेपरात जाते, आणि कुणाच्या तरी शिफारशीत शेतापर्यंत जाऊ शकते.

याचा अर्थ ओपीस्टॅट चुकीचं आहे असा नाही. त्याने दिलेल्या आकड्यांचं गणित बरोबरच केलं. तक्रार अशी की ते उत्तम कॅल्क्युलेटर आहे आणि विद्यार्थी त्याला मास्तर समजतात. टायपिंगच्या दुकानात टेबल करून घेणं आणि न समजता बटण दाबणं यात फरक फक्त पैशाचा उरतो.

मग आर वापरायचं का? रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९० च्या दशकात न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात सुरू केलेलं आर हे खऱ्या अर्थाने मुक्त आहे. त्याचा मोठा फायदा म्हणजे स्क्रिप्ट. कुठली फाइल घेतली, कुठला प्लॉट वगळला, कुठली टेस्ट लावली, सगळं लिहिलेलं राहतं. तीन वर्षांनी परीक्षकाने विचारलं तरी फाइल चालवून दाखवता येते.

पण आरचे भक्त एक गोष्ट सांगत नाहीत. आरही बिनबोभाट चुकीचं उत्तर देतं. ट्रीटमेंटला १, २, ३ असे आकडे दिले आणि "हा फॅक्टर आहे" असं सांगायला विसरलात, तर आर त्याला मोजमाप समजतं, जणू ट्रीटमेंट ७ ही ट्रीटमेंट १ च्या सातपट आहे. मग टेबलात ट्रीटमेंटची डिग्री ६ ऐवजी १ दिसते. त्यात पुन्हा २०२० च्या ४.० आवृत्तीपासून आर मजकुराचे रकाने आपोआप फॅक्टर करत नाही. त्यामुळे सिनिअरकडून आलेली जुनी स्क्रिप्ट तुमच्याकडे वेगळी वागू शकते. इलाज पुन्हा तोच: डिग्रीची ओळ आधी वाचा.

या तिन्ही सेवांत माझं मत ग्रेप्सच्या बाजूने पडतं, आणि कारण सजावटीचं नाही. ग्रेप्स आरवर उभी आहे आणि तिचं पॅकेज आरच्या अधिकृत भांडारात उपलब्ध आहे. म्हणजे आज बटण दाबून काम करा, उद्या तेच काम आपल्या संगणकावर, इंटरनेटशिवाय, कोड वाचत करा. संकेतस्थळ बंद पडलं तरी हात रिकामे राहत नाहीत. पायरीपायरीने वर चढवणारं साधन मला बसून राहायला लावणाऱ्या साधनापेक्षा बरं वाटतं.

माझा सल्ला: एकच प्रयोग तीन ठिकाणी चालवा. एकदा हाताने, एकदा ओपीस्टॅट किंवा वास्पमध्ये, एकदा आरमध्ये. तिन्ही उत्तरं जुळली की तुम्हाला साधनावर आणि स्वतःवर, दोघांवर विश्वास ठेवायचा हक्क मिळाला.

पास्ट आणि शॅननचा घोटाळा

प्राणिशास्त्र-वनस्पतिशास्त्रवाल्यांचं लाडकं सॉफ्टवेअर म्हणजे पास्ट. ओस्लो विद्यापीठाचे ऑयविंद हामर यांचं. मुळात जीवाश्मांच्या अभ्यासासाठी बनलेलं, पण विविधतेचे निर्देशांक काढायला आपल्याकडे सर्रास वापरलं जातं. फाइल छोटी, जुन्या लॅपटॉपवरही पळतं, एक्सेलसारखा तक्ता. फुकट आहे, पण कोड उघडा नाही, म्हणजे मुक्त नाही. तरी नवशिक्यासाठी मी त्याला चांगले गुण देईन.

गडबड साधनात नसते, ती आपण तुलना करतो तेव्हा होते. शॅनन निर्देशांकात लॉग कुठल्या पायाचा घेतला यावर उत्तर बदलतं. चार जाती, प्रत्येकीचे सारखेच नग, असं धरा. नैसर्गिक लॉग घेतला तर १.३८६ येतं, पाया २ घेतला तर २, पाया १० घेतला तर ०.६०२. जंगल तेच, आकडे तीन. पास्ट नैसर्गिक लॉग घेतं, आरमधलं व्हेगन पॅकेजही न सांगता तेच घेतं. पण जुन्या प्रबंधात दुसरा पाया असू शकतो. तुम्ही मेळघाटातल्या तुमच्या प्लॉटचा २.१ हा आकडा कुणाच्या तरी ३.० शेजारी ठेवून "विविधता घटली" असं लिहिलंत, तर कदाचित घटलाय फक्त लॉगचा पाया. म्हणून पद्धतीच्या प्रकरणात सॉफ्टवेअरचं नाव, आवृत्ती आणि लॉगचा पाया, तिन्ही लिहा. नुसतं "पास्ट वापरले" एवढ्याने भागत नाही.

संदर्भ: झोटेरो की मेंडेली

हा वाद लवकर संपवते. झोटेरो.

कारण मात्र नीट ऐका. झोटेरो २००६ साली अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातून आलं, आज ना-नफा संस्था ते चालवते. मेंडेली मोठ्या उत्साहात सुरू झालं आणि २०१३ मध्ये एल्सेव्हिअर या प्रकाशन कंपनीने ते विकत घेतलं. २०१८ मध्ये मेंडेलीने तुमच्या संगणकावरची माहितीची फाइल कुलूपबंद केली, त्यामुळे दुसऱ्या साधनाला ती थेट वाचणं अवघड झालं. पुढे मोबाइल ॲप गेलं, आणि सप्टेंबर २०२२ पासून जुनं डेस्कटॉप मेंडेली उतरवून घेता येईनासं झालं. त्या जागी नवं रूप आलं. ज्यांची चार वर्षांची टिपणं जुन्यात होती त्यांनी घर बदलण्याची दगदग सोसली. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं महत्त्व कळायला याहून चांगला धडा नाही.

झोटेरोवर माझ्या दोन तक्रारी आहेत. मोफत जागा फक्त ३०० एमबी, आणि स्कॅन केलेले पीडीएफ असले की ती महिनाभरात भरते. यावर उपाय म्हणजे संदर्भांची नोंद तेवढी सिंक करा, पीडीएफ आपल्या हार्ड डिस्कवर ठेवा. दुसरी तक्रार मराठी नावांची. आपलं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव अशी तीन अंगं. पानावरून आपोआप उचलताना आडनाव कधी कधी चुकीच्या खान्यात जातं. मराठी ग्रंथांचे संदर्भ हाताने तपासल्याशिवाय सूची काढू नका. आपोआप म्हणजे अचूक नव्हे.

नकाशे: क्यूजीआयएस आणि ७८ रेखांश

गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये सुरू केलेलं क्यूजीआयएस आज महागड्या सॉफ्टवेअरच्या तोडीचं झालंय, यात मला शंका नाही. त्याच्यासोबत डेटाही मोफत आहे: लँडसॅटची चित्रं २००८ पासून, युरोपच्या सेंटिनेल-२ ची १० मीटर तपशिलाची चित्रं, आणि इस्रोचं भुवन. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यावर, म्हणजे अमरावती-अकोला-बुलढाण्यातल्या खाऱ्या भूजलाच्या पट्ट्यावर कुणाला काम करायचं असेल तर एक रुपया न देता विहिरींच्या नोंदींपासून नकाशापर्यंत सगळं होतं.

टीका एवढीच की क्यूजीआयएस नवख्याला सांभाळून घेत नाही. आपल्या भागापुरता एक खड्डा आताच दाखवून ठेवते. अंतर-क्षेत्रफळ मोजायला यूटीएम प्रणाली लागते. ४३ क्रमांकाचा पट्टा ७२ ते ७८ रेखांशांचा, ४४ क्रमांकाचा ७८ ते ८४ चा. अकोला शहर ४३ मध्ये, अमरावती शहरही ४३ मध्ये. पण वरूड आणि धामणगाव रेल्वे ७८ च्या पूर्वेला, म्हणजे ४४ मध्ये! एकाच जिल्ह्यात दोन पट्टे. कुणी जीपीएसचे आकडे एका पट्ट्यात घेतले आणि नकाशा दुसऱ्यात उघडला तर वरुडातली संत्र्याची बाग शेकडो किलोमीटर दूर जाऊन पडते. इतकी मोठी चूक निदान दिसते तरी. पूर्ण जिल्ह्याचं काम असेल तर सगळ्यासाठी एकच पट्टा ठरवा, ४३, आणि तसं प्रबंधात लिहा.

शोधगंगा: सोनं आहे, पण चाळावं लागतं

गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची शोधगंगा विषय ठरवण्याआधी उघडली नाही असा विद्यार्थी मला समजूच शकत नाही. प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं यूजीसीने २००९ च्या नियमावलीत बंधनकारक केलं, आणि त्यातून आज पाच लाखांहून जास्त प्रबंधांचा साठा उभा आहे. तो चालतो डीस्पेस या मुक्त सॉफ्टवेअरवर. मोफत सेवा आणि मुक्त सॉफ्टवेअर यांची ही जोडी आपल्या देशाने करून दाखवली, याचा मला अभिमान आहे.

तरीही वापरताना चिडचिड होते. प्रबंध एकसंध नसतो, प्रकरणागणिक वेगळी फाइल असते. अनेक जुने प्रबंध म्हणजे नुसते स्कॅन केलेले फोटो, आत शब्द शोधता येत नाही. मराठीतल्या प्रबंधांची आणखी एक व्यथा: युनिकोड येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर कॉपी केला की भलतीच अक्षरं उमटतात. म्हणजे प्रबंध आहे, पण शोधयंत्राच्या लेखी नाही. एखाद्याने चार-पाच वर्षं खपून मराठीत लिहिलेलं काम केवळ फॉन्टपायी पुढच्याला सापडत नाही, आणि पुढचा तोच विषय पुन्हा घेतो. नुकसान दोघांचंही होतं.

म्हणून शोधताना एका शब्दावर थांबू नका. "मेळघाट" टाकलंत तर "चिखलदरा", "धारणी", "अमरावती जिल्हा" हेही टाका, इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन प्रकारे करून बघा. आणि स्वतः मराठीत लिहिणार असाल तर युनिकोडमध्येच लिहा. आयआयटी मुंबईने विद्वत्लेखनासाठी केलेला शोभिका हा मुक्त फॉन्ट आहे, मुंबईच्या एक टाइप मंडळींचे मुक्ता आणि बलू आहेत. लिब्रे ऑफिसमध्ये तिन्ही चालतात. अकोल्यातल्या कुठल्या तरी पोराला दहा वर्षांनी तुमचा प्रबंध सापडावा, यासाठी हे करायचं.

थोडक्यात काही

इमेजजे: अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले वेन रासबँड यांचं, १९९७ पासूनचं. पानाचं क्षेत्रफळ काढायला वेगळं यंत्र नसेल तर पान आणि पट्टी शेजारी ठेवून सरळ वरून फोटो घ्या, पट्टीवरून प्रमाण ठरवा, मोजा. कॅमेरा तिरका असेल तर मात्र कुठलंच सॉफ्टवेअर वाचवत नाही.

स्पोकन ट्युटोरियल: आयआयटी मुंबईचा उपक्रम, छोटे धडे, त्यातले बरेच मराठीतही. इंग्रजीची भीती असलेल्यांना मी आधी हेच सांगते. खोड एकच, काही धडे जुन्या आवृत्तीचे आहेत. बटण जागेवर दिसलं नाही तर घाबरू नका.

मोफत "प्लेजिअरिझम चेकर" संकेतस्थळं: दूर राहा. अप्रकाशित प्रकरण अनोळखी सर्व्हरवर टाकायचं, आणि खर्च कोण भरतं ते माहीत नाही. विद्यापीठाकडे अधिकृत सोय असते, ग्रंथालयात विचारा.

एआय चॅटबॉट: भाषा सुधारायला ठीक. संदर्भ मागाल तर अस्तित्वात नसलेले पेपरही आत्मविश्वासाने देतात. स्वतः उघडून वाचला नाही असा एकही संदर्भ सूचीत नको.

आणि थोडी मजा

सगळं मोफत काही कामाचंच असायला नको. स्टेलॅरियम हे मुक्त तारांगण उतरवून घ्या. मेच्या चौथ्या आठवड्यात, दुपारी, आपल्याकडे सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. स्टेलॅरियममध्ये आपल्या गावाचे अक्षांश टाकून तो दिवस आधी शोधा, मग अंगणात काठी उभी करून पडताळा. अकोल्याचा दिवस अमरावतीच्या जरा आधी येतो, कारण अकोला थोडं दक्षिणेला आहे. भाकीत आणि पडताळणी म्हणजे काय, ते वऱ्हाडच्या उन्हात उभं राहून समजतं. डोक्याला दुपट्टा बांधा म्हणजे झालं.

पक्ष्यांसाठी कॉर्नेल विद्यापीठाचं मर्लिन आवाजावरून नाव सुचवतं, ईबर्डवर नोंद ठेवता येते. वडाळीच्या तलावावर किंवा काटेपूर्णा अभयारण्यात सकाळ मस्त जाते. पण मर्लिनने सुचवलं म्हणजे पक्षी होताच असं नाही. स्वतः पाहिला किंवा ओळखला तरच नोंद करा. आयनॅचरॅलिस्टही सुंदर आहे, मात्र संकटात असलेल्या जातींची नेमकी जागा ते मुद्दाम धूसर करून दाखवतं. शिकारी आणि चोरांपासून जपण्यासाठी हे योग्यच आहे. पण तिथला डेटा क्यूजीआयएसमध्ये टाकून "ही जात नेमकी याच ओढ्यावर आहे" असं लिहाल तर फसाल. वनस्पतींच्या बाबतीत माझं मत कडक आहे: फोटोवरून नाव सांगणारी ॲप्स फुललेल्या झुडपांना बरी, गवतांसाठी लंगडी. गवताची ओळख ज्या कणसाच्या बारीक भागावर ठरते तो फोनच्या फोटोत येतच नाही. हर्बेरियम शीट आणि भिंग अजून निवृत्त झालेले नाहीत.

तर मग

माझा निकाल असा: आर, क्यूजीआयएस, झोटेरो, लिब्रे ऑफिस ही मुक्त साधनं पाया म्हणून धरा, कारण ती बंद पडली तरी तुमचं काम तुमच्याकडे राहतं. ओपीस्टॅट, वास्प, पास्ट पडताळणीसाठी आणि घाईच्या वेळी वापरा, पण उत्तर कागदावर एकदा काढून बघितल्याशिवाय छापू नका. कंपन्यांच्या मोफत सेवा भाड्याच्या खोलीसारख्या वापरा: राहा खुशाल, पण सामान कधीही बांधता येईल असं ठेवा. मूळ डेटा साध्या सीएसव्ही फाइलमध्ये, दोन वेगळ्या ठिकाणी, आणि त्यातली एक जागा तुमच्या स्वतःच्या हातातली.

आणि काम सुरू करायला विद्यापीठाच्या आदेशाची वाट बघू नका. या रविवारी एखाद्या सिनिअरच्या प्रबंधातला एक ॲनोवा टेबल घ्या आणि त्यातल्या एररच्या मीन स्क्वेअरवरून सीडी हाताने काढा. जुळली तर आनंद आहे. नाही जुळली तर आधी ट्रीटमेंटच्या डिग्रीची ओळ बघा, मग सिनिअरला फोन करा. आवाज मात्र सौम्य ठेवा, कारण दोन वर्षांनी तुमचाही टेबल कुणीतरी असाच तपासणार आहे.